हलका लॅपटॉप: आत्ता घ्यावा की नव्या प्रोसेसरची वाट पाहावी?

निमसरकारी
नमस्कार मंडळी. सव्वा किलोच्या आतला, १३ किंवा १४ इंची लॅपटॉप घ्यायचा आहे. काम: एक्सेलच्या मोठ्या फायली, टॅली, ब्राउझरमध्ये एका वेळी वीस-तीस टॅब, व्हिडिओ मीटिंग, आणि यूएसबी टोकनवरची डिजिटल सही. गेम नाहीत, व्हिडिओ एडिटिंग नाही. सध्याचं यंत्र आय५-७२००यू, ८ जीबी रॅम, विंडोज १०.

दुकानात इंटेलच्या लुनार लेक प्रोसेसरवाले लॅपटॉप आहेत. त्यापुढचा इंटेलचाच पँथर लेक जानेवारी २०२६ मध्ये जाहीर झाला. त्याच्यासाठी थांबावं की आहे ते घ्यावं? स्नॅपड्रॅगन आणि मॅकबुकचाही सल्ला मिळतोय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

ट्रान्झिस्टर
घोषणा, पहिली विक्री आणि तुम्हाला हवं ते मॉडेल भारतात मिळणं, या तीन वेगवेगळ्या तारखा असतात. लोक पहिली तारीख धरून थांबतात आणि तिसरीपर्यंत कंटाळतात. लुनार लेकचंच बघा. बर्लिनच्या आयएफए या इलेक्ट्रॉनिक्स प्रदर्शनात ३ सप्टेंबर २०२४ ला अधिकृत घोषणा, २४ सप्टेंबरपासून विक्री. पण पहिल्या लाटेत येतात ती महागडी मॉडेल्स. मधल्या किमतीची, ३२ जीबीची, साध्या स्क्रीनची मॉडेल्स मागाहून येतात. भारतात त्यावर बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणी, आणि १ नोव्हेंबर २०२३ पासून लॅपटॉपच्या आयातीसाठी लागणारी ऑनलाइन परवानगी. त्यामुळे परदेशी समीक्षकाच्या हातात दिसणारं नेमकं मॉडेल इथे कधी येईल, किंवा येईल की नाही, याचा भरवसा धरू नका.

दुसरं म्हणजे प्रत्येक नवी पिढी थांबण्याच्या लायकीची नसते. ऑगस्ट २०१७ मध्ये थांबलेल्यांचं चांगभलं झालं, कारण इंटेलच्या आठव्या पिढीत यू मालिकेतले (हलक्या लॅपटॉपच्या प्रोसेसरांतले) दोन कोअर एकदम चार झाले. नोव्हेंबर २०२० चा ॲपलचा एम१ तसाच. उलट इंटेलच्या ब्रॉडवेल पिढीसाठी २०१४ भर थांबलेल्यांना नेहमीचे यू प्रोसेसर जानेवारी २०१५ मध्ये मिळाले, आणि सप्टेंबरात पुढची पिढी, स्कायलेक, येऊन उभी राहिली. इंटेलच्या १० नॅनोमीटर चिपनिर्मितीची कथा तर त्याहून वाईट. २०१८ मध्ये बाजारात आला तो एकटा दोन कोअरचा आय३-८१२१यू, तोही ग्राफिक्स बंद करून. खरी पिढी, म्हणजे आइस लेक, २०१९ मध्ये आली.

आता तुमचं. तुम्ही दोन कोअरच्या ७२००यू वरून येताय. तिथून लुनार लेकवर गेलात काय आणि पँथर लेकवर गेलात काय, एक्सेल आणि टॅलीत फरक हाताला जाणवणार नाही. जाणवेल ती रॅम, स्क्रीन, कीबोर्ड आणि वजन. सल्ला: ३२ जीबीचा लुनार लेक बऱ्या भावात मिळत असेल तर घेऊन टाका.

पोटमाळा
वाचनखूण साठवली. माझाही हाच प्रश्न होता.

हातोडी_छिन्नी
ट्रान्झिस्टर यांच्याशी सहमत, पण दुकानात जाण्याआधी नावांचा घोळ समजून घ्या. विक्रेता 'कोअर अल्ट्रा ७, सेकंड सिरीज' एवढंच सांगेल, आणि त्या एका नावाखाली तीन निराळी जनावरं आहेत.

२५८व्ही म्हणजे लुनार लेक. आठ कोअर (चार मोठे, चार छोटे), आठच थ्रेड, हायपरथ्रेडिंग (एका कोअरवर एकदम दोन कामं) नाही. रॅम प्रोसेसरच्याच पॅकेजवर बसवलेली. यात शेवटचा आकडा ८ असेल तर ३२ जीबी, ६ असेल तर १६ जीबी. म्हणजे २५६व्ही आणि २५८व्ही यांत फरक फक्त रॅमचा. २२६व्ही आणि २२८व्ही तसेच, फक्त ते अल्ट्रा ५ मधले.

२५५एच म्हणजे ॲरो लेक. सोळा कोअर, जड कामाला उत्तम, पण वीज जास्त खातो. हलक्या यंत्रात पंखा सतत बोलत राहतो.

२५५यू नावाने ॲरो लेक, आतून २०२३ च्या मीटिअर लेकचीच सुधारून काढलेली आवृत्ती. वाईट अजिबात नाही, पण लुनार लेकच्या किमतीत घेऊ नये.

आणि नुसतं 'कोअर ७', मध्ये 'अल्ट्रा' नाही, असं दिसलं तर ते त्याहून जुनं रॅप्टर लेक असण्याची शक्यता मोठी. नवीन नाव, जुनं पीठ.

एएमडीकडेही तेच. रायझन ७ २५० हे २०२५ चं नाव, पण चिप २०२३ अखेरच्या ८८४०यू च्या कुळातली. खरी नवी पिढी हवी तर नावात 'एआय' बघा: एआय ७ ३५० आठ कोअरचा, एआय ५ ३४० सहा कोअरचा. हलक्या लॅपटॉपला दोन्ही छान. यंदाचे ४०० मालिकेतले एआय प्रोसेसर म्हणजे त्याच घराची रंगरंगोटी, त्यांच्यासाठी थांबण्यात अर्थ नाही.

एकाच मॉडेलच्या नावाखालीही घोळ असतो. थिंकपॅड एक्स१ कार्बनची तेरावी पिढी लुनार लेकमध्येही आहे आणि ॲरो लेकमध्येही. त्यामुळे बिलावर प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक लिहून घ्या. 'आय७ लॅपटॉप १ नग' असलं बिल नको.

आडगाव_बुद्रुक
मला मात्र 'थांबा' म्हणायचंय. पँथर लेक ही नुसती रंगरंगोटी नाही. चिप बनवण्याच्या इंटेलच्या स्वतःच्या नव्या १८ए प्रक्रियेवरची ती पहिली चिप. लुनार लेकचा मुख्य भाग टीएसएमसी या तैवानच्या कंपनीकडून बनवून घेतला होता. शिवाय रॅम पॅकेजवरून पुन्हा बाहेर आली, म्हणजे ३२ जीबीची मर्यादा गेली. सोळा कोअरच्या प्रकारात चार मोठे, आठ छोटे आणि चार अगदी कमी विजेवर चालणारे. हलकं काम त्या शेवटच्या चारांवर भागतं आणि बाकीचे झोपून राहतात. बॅटरी टिकण्याचं गमक तिथे आहे.

नावाची खूण: मधे एक्स असेल (एक्स७, एक्स९) तर मोठं, बारा कोअरचं ग्राफिक्स. शेवटी एच नसेल तर बहुतेक आठ कोअरचा छोटा प्रकार. निमसरकारी यांना तो छोटाच पुरे. एक्सवाल्याचे जादा पैसे ग्राफिक्सचे आहेत, ते टॅलीला शष्प उपयोगाचे नाहीत.

ट्रान्झिस्टर
@आडगाव_बुद्रुक, तांत्रिक मुद्दा मान्य. पण यंदा थांबण्याचं गणितच पालटलंय. एरवी नवी पिढी आली की जुनीचा भाव उतरतो, म्हणून थांबणारा दोन्हीकडून फायद्यात राहायचा. आता रॅमचा भाव चढलाय. सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या रॅम बनवणाऱ्या तिघांनी कारखान्यांची क्षमता एआय सर्व्हरच्या मेमरीकडे वळवली. मायक्रॉनने तर ३ डिसेंबर २०२५ ला क्रुशल हा किरकोळ ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. लॅपटॉप कंपन्या रॅम आगाऊ करारांवर घेतात, त्यामुळे दुकानातल्या जुन्या मालावर वाढीचा परिणाम उशिरा दिसतो. नवी मॉडेल्स मात्र नव्या भावाच्या रॅमवर बनणार. जुन्या खेपेतली ३२ जीबीची मॉडेल्स संपली की त्या भावात परत मिळतील असं धरून चालू नका.

आणि हलक्या लॅपटॉपमध्ये रॅम बहुतेक सोल्डर केलेली, म्हणजे बोर्डालाच कायमची जोडलेली. 'आत्ता १६ घेऊ, नंतर वाढवू' हा मार्गच बंद. टॅब, टॅली, मीटिंग सगळं एकदम चालवलं तर १६ जीबी आज पुरते, चार वर्षांनी अंगाला घट्ट होईल.

निमसरकारी
दोन्ही बाजू कळल्या, धन्यवाद. विंडोज १० चं काय करू? थांबायचं ठरवलं तर किती दिवस सुरक्षित? आणि स्नॅपड्रॅगन किंवा मॅक का नको?

ताळेबंद
सही टोकन आणि टॅली म्हटल्यावर दोन्हींवर मोठं प्रश्नचिन्ह.

स्नॅपड्रॅगन हा एआरएम जातीचा, म्हणजे इंटेल-एएमडीहून निराळ्या रचनेचा प्रोसेसर. त्यावरचं विंडोज नेहमीचे प्रोग्राम अनुकरण करून चालवतं, आणि ऑफिससारखे बरेच प्रोग्राम आता थेट एआरएमसाठीच बनलेले आहेत. गाडी अडते ती ड्रायव्हरपाशी, म्हणजे जोडलेलं उपकरण चालवणाऱ्या प्रोग्रामपाशी. ड्रायव्हर विंडोजच्या गाभ्यात शिरतो, त्याचं अनुकरण होत नाही. तो एआरएम६४ साठीच बनवलेला लागतो. म्हणून टोकनचा ड्रायव्हर, जुना स्कॅनर, जुना प्रिंटर, ऑफिसचं व्हीपीएन, या चार गोष्टींची यादी करा आणि प्रत्येकाच्या निर्मात्याच्या डाउनलोड पानावर 'एआरएम६४' हा शब्द शोधा. एकही अडली तर विषय संपला. विक्रेत्याचं 'सगळं चालतं हो' हे उत्तर धरू नका, त्याने टोकन लावून पाहिलेलं नसतं.

टोकनचा ड्रायव्हर मिळाला तरी अर्धंच काम झालं. पोर्टलला सही पुरवणारा छोटा प्रोग्राम वेगळा असतो, तोही चालला पाहिजे. ३० तारखेला रात्री रिटर्न भरताना हे प्रयोग नकोत.

मॅकबुक एअर यंत्र म्हणून उत्तम. पंखा नाही, बॅटरी दणकट, आणि ऑक्टोबर २०२४ पासून सुरुवातच १६ जीबीपासून. पण टॅली विंडोजचा प्रोग्राम. मॅकवर त्यासाठी आभासी यंत्र (मॅकच्या आत विंडोज चालवणारा प्रोग्राम) लावलंत तर आत चालतं तेही एआरएमचंच विंडोज, म्हणजे फिरून पहिल्याच अडचणीत. टॅली ऑफिसच्या सर्व्हरवर असेल आणि तुम्ही रिमोटने जोडत असाल तर गोष्ट वेगळी.

हातोडी_छिन्नी
विंडोज १० चं नेहमीचं समर्थन १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं. घरगुती वापरकर्त्याला सुरक्षा अपडेट १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत वाढवून मिळतात. तुमचा ७२००यू विंडोज ११ च्या यादीत नाही, त्यामुळे तुमची खरी शेवटची तारीख ती. पँथर लेक तोवर दुकानात स्थिरावेल.

नोंदणी अशी: विंडोज १० ची आवृत्ती २२एच२ असल्याची खात्री करा. सेटिंग्ज, तिथून अपडेट अँड सिक्युरिटी, तिथून विंडोज अपडेट. उजवीकडे 'एनरोल नाऊ' दिसेल. मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन करावंच लागतं. सेटिंग्जचा बॅकअप क्लाउडवर चालू ठेवलात तर फुकट, नाहीतर एक हजार रिवॉर्ड पॉइंट किंवा ३० डॉलर. ऑफिसच्या डोमेनला जोडलेल्या यंत्रावर हा घरगुती पर्याय मिळत नाही. तुमचं यंत्र ऑफिसने दिलेलं असेल तर आयटीवाल्यांना विचारा.

थांबणार असाल तर जुन्या यंत्रावर थोडा हात फिरवा. कमांड प्रॉम्प्टमधून 'पॉवरसीएफजी'चा बॅटरी रिपोर्ट काढा. त्यात डिझाइन कपॅसिटी आणि फुल चार्ज कपॅसिटी असे दोन आकडे येतात. दुसरा पहिल्याच्या निम्म्यावर आला असेल तर बॅटरी बदलायची की चार्जर लावूनच दिवस काढायचे ते ठरवा. टचपॅड उचलल्यासारखा दिसत असेल तर मात्र बॅटरी फुगलेली आहे, चार्जिंग त्याच दिवशी थांबवा.

पंखा साफ करताना: यंत्र बंद, चार्जर काढलेला, मागचं झाकण उघडल्यावर सर्वात आधी बॅटरीचा कनेक्टर प्लॅस्टिकच्या पट्टीने सोडवा. स्क्रू लांबीप्रमाणे कागदावर मांडून ठेवा. लांब स्क्रू आखूड स्क्रूच्या जागी फिरवला की तो बोर्डातून किंवा कीबोर्डमधून वर येतो. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरा. मोकळं सोडलं तर ते वाऱ्याने वेड्यासारखं फिरतं आणि बेअरिंग जातं. जाळीवर जमलेली धुळीची गादी चिमट्याने सबंध निघते. नुसती हवा मारली तर ती आतच दबून बसते. उघडलंच आहे तर थर्मल पेस्टही बदला: आयसोप्रोपिल अल्कोहोलने जुनी पुसायची, नवी तांदळाच्या दाण्याएवढी, हीटसिंकचे स्क्रू त्यावर छापलेल्या क्रमाने थोडेथोडे आवळायचे.

एसएसडी बदलायची असल्यास त्या यंत्राचा स्लॉट साटा एम.२ आहे की एनव्हीएमई ते आधी बघा. त्या काळच्या यंत्रांत दोन्ही प्रकार आहेत आणि कार्ड बसलं म्हणजे चाललं असं नाही. नव्या लॅपटॉपसाठी पैसे साठवताय तर यावर फार खर्च करू नका.

विदर्भी_उन्हाळा
सगळे प्रोसेसरवरच बोलताय, हवेवर कोणीच नाही. परीक्षणं २०-२२ अंशांच्या खोलीत होतात. बहुतेक लॅपटॉपची अधिकृत वापर मर्यादा ३५ अंश. आमच्याकडे मे महिन्यात खोलीतच चाळीस. तिकडे ८० अंशांवर स्थिर राहणारी चिप इथे शंभरीला टेकणार आणि वेग कापणार. पातळ लॅपटॉपमध्ये पिढीपेक्षा कंपनीने लावलेली वॉटची मर्यादा आणि पंख्याची कुवत मोठी ठरते.

तपासायचं असं. एचडब्ल्यूइन्फो (यंत्राचे आकडे दाखवणारा प्रोग्राम) आणि सिनेबेंच (प्रोसेसरवर ताण देणारी चाचणी) उतरवून घ्या. पॉवर मोड 'बेस्ट परफॉर्मन्स', चार्जर लावलेला. सिनेबेंच दहा मिनिटं चालू ठेवा आणि एचडब्ल्यूइन्फोमध्ये 'सीपीयू पॅकेज पॉवर' बघत राहा. लुनार लेक सुरुवातीला ३०-३७ वॉट घेईल, मग खाली येऊन स्थिरावेल. १७ वॉट हा त्याचा मूळ आकडा, त्याच्या आसपास राहिला तर उत्तम. तो बारा-तेरावर घसरला आणि शेजारी 'थर्मल थ्रॉटलिंग: येस' (तापल्यामुळे वेग कापला) दिसलं तर पंखा कमी पडतोय. 'पॉवर लिमिट एक्सीडेड' दिसलं तर घाबरू नका, ती कंपनीने आखलेली मर्यादा आहे, बिघाड नव्हे. कंपनीच्या ॲपमध्ये पंख्याचा मोड 'शांत'वर असेल तरी हेच आकडे कमी येतात, म्हणून आधी तो बदलून घ्या.

अवांतर: लॅपटॉप गादीवर ठेवून ही चाचणी करू नका. खालची जाळी बंद होते.

पोटमाळा
ओएलईडी स्क्रीन घ्यावी का? दिसायला फारच सुंदर आहे.

ट्रान्झिस्टर
सिनेमाला सुंदर. एक्सेलला खर्चिक. ओएलईडीत प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो, त्यामुळे पांढरं पान दिसत असताना वीज सर्वात जास्त लागते, आणि तुमचा अख्खा दिवस पांढऱ्या पानावर. हिशेब सोपा आहे. बॅटरी ५५ वॉट-तासांची धरा. सरासरी खर्च ५ वॉट असेल तर ११ तास, ८ वॉट झाला तर सात तासांनाही थोडे कमी. हे तीन वॉट स्क्रीनच खाऊ शकते, आणि मग प्रोसेसरने वाचवलेली वीज गेली पाण्यात. ऑफिसकामाला साधी आयपीएस (मागून प्रकाश देणारी एलसीडी), १९२०×१२००, चारशे निट्स उजेडाची, चकाकी नसलेली. ओएलईडीच घ्यायची तर डार्क मोड आणि टास्कबार लपवणं, दोन्हीची सवय लावा.

इसारकाठ
म्युनिकहून. इथे नवी मॉडेल्स लवकर दिसतात म्हणून नातेवाइकांकडून मागवणाऱ्यांसाठी: अठरा वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप सामानात शुल्काशिवाय आणता येतो. पण जर्मनीतला कीबोर्ड क्वेर्ट्झ, म्हणजे वाय आणि झेडची अदलाबदल, एंटर उभा, चिन्हं भलत्याच ठिकाणी. ब्रिटनमधल्यातही एंटर आणि काही चिन्हं वेगळी. अमेरिकेतला मात्र भारतासारखाच. वॉरंटी आंतरराष्ट्रीय आहे का ते मॉडेलनिहाय बघा. बिझनेस मालिकेत बहुधा असते, ग्राहक मालिकेत अनेकदा नसते. असली तरी भारतात न विकलेल्या मॉडेलचा सुटा भाग यायला वेळ लागतोच.

लिनक्सवाल्यांसाठी एक ओळ: लुनार लेकवर डेबियन १२ ही लिनक्सची आवृत्ती टाकू नका, त्यातलं ६.१ कर्नल (लिनक्सचा गाभा) चिपपेक्षा जुनं आहे. डेबियन १३ मध्ये ६.१२ आहे. पँथर लेकला त्याहूनही ताजं लागेल.

आडगाव_बुद्रुक
माझं मत थोडं बदलतो: निमसरकारी यांनी लुनार लेक घ्यावा. ज्यांना ६४ जीबी रॅम हवी किंवा वेगळं ग्राफिक्स कार्ड न घेता थोडेफार गेम खेळायचेत, त्यांनी थांबावं. आणि कोणतीही नवी चिप पहिल्या दोन-तीन महिन्यांत घेतलीत तर बायोसची (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्रामची) अपडेट टाकत राहण्याची तयारी ठेवा. झोपेतून न उठणं, बॅगेत तापणं, वाय-फाय सुटणं, या तक्रारी सुरुवातीच्या महिन्यांतच जास्त असतात. 'पॉवरसीएफजी'च्या स्लीप स्टडी रिपोर्टमध्ये रात्रभरात किती टक्के बॅटरी उतरली आणि कोणत्या घटकाने जागं ठेवलं ते दिसतं.

निमसरकारी
ठरलं, २५८व्ही, ३२ जीबी, आयपीएस. पण दिवाळीच्या सेलपर्यंत थांबलो तर स्वस्त पडेल का? बिल व्यवसायाच्या नावावर करणार आहे.

ताळेबंद
व्यवसायाच्या नावावर असेल तर तारीख बघून घ्या. संगणकाला घसारा ४० टक्के, पण त्या आर्थिक वर्षात वापर १८० दिवसांपेक्षा कमी झाला तर निम्माच, म्हणजे २० टक्के. ३१ मार्चपासून मागे मोजलं तर ३ ऑक्टोबरपर्यंत यंत्र वापरात यायला हवं. नुसतं बिल फाडून चालत नाही. यंदा दसराच २० ऑक्टोबरला आहे, दिवाळी त्यानंतर. म्हणजे सेलमधली सूट आणि यंदाचा गमावलेला निम्मा घसारा यांची तुलना करा. घसारा बुडत नाही, पुढच्या वर्षांवर ढकलला जातो. गृहीत उत्पन्नाच्या योजनेत विवरण भरत असाल तर घसारा वेगळा मिळतच नाही, मग हा मुद्दा सोडून द्या.

जीएसटी १८ टक्के. क्रेडिट हवं असेल तर ऑर्डर देतानाच जीएसटी क्रमांक टाका, नंतर बिल बदलून द्यायला विक्रेते टाळाटाळ करतात. क्रेडिट घेतलंत तर घसारा जीएसटी वजा जाता रकमेवर काढायचा. एकाच रकमेवर दोन्ही फायदे मिळत नाहीत.

हातोडी_छिन्नी
आणि डबा उघडताना सलग व्हिडिओ काढा, डब्यावरचा सिरियल नंबर दिसेल असा. चालू केल्यावर पहिल्या अर्ध्या तासात: टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा क्रमांक आणि रॅम, बॅटरी रिपोर्टमध्ये सायकल काउंट (नव्यात एक आकडी हवा), पूर्ण पांढऱ्या आणि पूर्ण काळ्या पडद्यावर मेलेले ठिपके, दोन्ही यूएसबी-सी पोर्टांवर चार्जिंग, आणि कंपनीच्या संकेतस्थळावर सिरियल टाकून वॉरंटीची सुरुवात कोणत्या तारखेची दाखवते ते. ती खरेदीच्या आधीची दिसली तर बिल अपलोड करून तारीख दुरुस्त करून घ्या. त्यानंतर टोकन लावून एक चाचणी सही. परत करण्याची मुदत संपण्याआधी हे सगळं उरकून टाका.